सागाचा घेर नको, गाभा मोजा



आमच्या वारज्यात शेतं जाऊन इमारती आल्या. नव्या फ्लॅटला दार घेताना गिऱ्हाईक एकच विचारतं, "सागवानी आहे ना?" माझ्या मते हा प्रश्नच अर्धा आहे. सागाचा कुठला भाग, हे विचारायला पाहिजे.

सागाची खरी किंमत आतल्या तपकिरी गाभ्याची. त्यात तेलकटपणा आणि टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, म्हणून वाळवी आणि बुरशी सहसा लागत नाही. वाळल्यावर तो फार आकसत नाही की पिळत नाही, म्हणून चौकटीला साग. सिलिकामुळे रंध्याचं पातं लवकर बोथट होतं, एवढाच सुताराला त्रास. १७३० साली शनिवारवाड्याचं काम निघालं तेव्हा जुन्नरच्या जंगलातून साग आणला होता. १८१७ साली मुंबईच्या गोदीत सागात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतंय.

सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात हा टिकाऊपणा नाही. आणि कोवळ्या झाडात पांढरंच जास्त. पाणी-खत देऊन झाड झपाट्याने वाढवलं की लाकूड कमजोर होतं असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. ताकद बरीच टिकते. कमी पडतो तो गाभा, कारण त्याला वय लागतं. म्हणून "दहा-बारा वर्षांत लखपती" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. नव्वदच्या दशकात अशा साग योजनांत कितीतरी लोकांचे पैसे बुडाले.

मग करायचं काय?
– पाणी साचणाऱ्या जमिनीत साग लावू नका.
– बगलफुटी कोवळ्या असतानाच काढा, नाहीतर लाकडात गाठी राहतात.
– विरळणी टाळू नका. काढलेल्या झाडाचा बुंधा बघा. गाभा किती बोटं, पांढरं किती बोटं, हे मोजा आणि मगच बाकीची झाडं किती वर्षं ठेवायची ते ठरवा.
– सातबाऱ्यावर झाडांची नोंद करा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग येतो, तोडीला परवानगी लागते.

उभी झाडं अंदाजपंचे विकू नका. व्यापाऱ्याला गाभा कळतो, तो आपल्यालाही कळला पाहिजे.

तुमच्या बांधावरचा साग किती वर्षांचा आहे? गाभा किती भरला? जरूर कळवा.