बाराव्या दिवशी बंद केलेली गोळी

शाळा सुटल्यावर मी वह्या तपासत बसले होते. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची अम्मी आली. ओढणीखालून गोळ्यांची पट्टी काढली, दाराकडे एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, "आपा, ही गोळी खाल्ली की माणसाचे जीन्स बदलतात म्हणे. मोबाईलवर दाखवलं. पोरीचा रिश्ता आलाय. उद्या तिच्या लेकराला काही झालं तर?"

पोर चोवीस वर्षांची. तीन महिने झोप नाही, जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही. आधी नजर उतरवून झाली, मग ताविज, मग भूमहून बार्शीला डॉक्टरांकडे. त्यांनी नैराश्य आहे असं सांगून गोळी सुरू केली. अम्मीने ती बाराव्या दिवशी बंद केली. एक तर फरक दिसत नव्हता, आणि त्यात हा व्हिडिओ.

मी भाषा शिकवते, विज्ञान नाही. पण तिला समजावताना उर्दूच कामाला आली. अलिफ आणि सीन जोडून लिहिलं की ते 'इस' असंही वाचता येतं आणि 'उस' असंही. खाली जेर दिला की 'इस', वर पेश दिला की 'उस'. अक्षरं तीच राहतात, खुणेने वाचन बदलतं. आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत सुमारे 20,000 जनुकांची एकच किताब असते. यकृताची पेशी त्यातली काही पानं वाचते, मेंदूची पेशी दुसरी. मनाच्या आजाराची औषधं या किताबातली अक्षरं खोडत नाहीत. कोणतं पान जास्त वाचायचं आणि कोणतं कमी, यावर त्यांचा परिणाम होतो. व्हिडिओवाल्याने अर्धी गोष्ट खरी सांगितली होती. घाबरवायला अर्धीच पुरते.

आता बारा दिवसांचं. नैराश्याची नेहमीची गोळी मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काही तासांतच काम सुरू करते, आणि तरी माणसाला बरं वाटायला कित्येक आठवडे लागतात. हे कोडं शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं छळत होतं. 1995 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रोनाल्ड ड्यूमन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेतापेशींना जगायला आणि वाढायला मदत करणारं बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकाचं वाचन नैराश्याच्या औषधाने वाढतं का, हे त्यांना पाहायचं होतं. एका मात्रेने काही वाढलं नाही. रोज देत 21 दिवस झाले, तेव्हा वाढलं. औषधाचा निरोप पेशीच्या आत पोचायचा, पानं उघडायची, प्रथिनं तयार व्हायची, पेशींना नवे फाटे फुटायचे. एवढ्याला वेळ लागणारच. आपल्या भूमचा खवासुद्धा कढई तापली म्हणून लगेच होत नाही.

त्याच प्रयोगशाळेत पीएच.डी. केलेल्या विदिता वैद्य आज मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हेच काम करतात. 2022 चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. सेरोटोनिनमुळे चेतापेशीतली ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढतात आणि तेही जनुकांच्या वाचनातूनच, असं त्यांच्या गटाने 2019 मध्ये दाखवलं. तेही उंदरांच्या पेशींवर.

माणसाचं काय? जिवंत माणसाचा मेंदू उघडून तर बघता येत नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींना पुन्हा मूळपेशी बनवून दाखवलं, तेव्हा वाट मिळाली. अशा मूळपेशींपासून बशीत चेतापेशी वाढवता येतात. 2015 मध्ये अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेने कधी उन्माद तर कधी नैराश्य येणाऱ्या, म्हणजे बायपोलर, रुग्णांच्या पेशींपासून चेतापेशी वाढवल्या. त्या गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होत होत्या. त्यांच्यावर लिथियम टाकलं, तर ज्या रुग्णांना लिथियम लागू पडलं होतं त्यांच्याच पेशी शांत झाल्या. बाकीच्यांच्या झाल्या नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्समध्येही अशा कुटुंबांच्या पेशी जपून हाच शोध चालू आहे. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्याला का लागू पडत नाही, याचं उत्तर यातून कधीतरी मिळेल. तोवर शेजारणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळी आणू नये.

लेकराची काळजी मात्र अगदीच खोटी नव्हती, आणि ते मी अम्मीला सांगितलं. वॅल्प्रोएट नावाचं एक औषध आहे. मिरगीला देतात, बायपोलर आजारालाही देतात. जनुकांवरच्या खुणा पुसणाऱ्या विकरांना ते अडवतं, हे 2001 मध्ये कळलं. गरोदरपणात ते घेतलं तर बाळाच्या मेंदूला आणि मणक्याला धोका असतो. इथेही किताबातली अक्षरं बदलत नाहीत. पोटातलं बाळ घडत असताना औषध तिथवर पोचतं, तो हा धोका. म्हणून हे औषध चालू असेल तर निकाहची बोलणी सुरू झाली की डॉक्टरांना सांगायचं. आपल्या मनाने बंद मात्र करायचं नाही. मिरगीत तसं केलं तर जोराचे झटके येऊ शकतात. या पोरीची गोळी ती नव्हती. तरी लग्नाचं डॉक्टरांच्या कानावर घाल, असं मी म्हटलं.

लिथियम घेणाऱ्यांसाठी आणखी एक. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं, आणि उपयोगाचं प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत अंतर थोडंच असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रोजे आले तर काय होईल, ते बघा. रमजानच्या महिनाभर आधीच डॉक्टरांना विचारावं. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहेच, मग मनाच्या आजाऱ्याला ती घेताना लाज का वाटावी?

बार्शी-सोलापूर गाठणं ज्यांना जमत नाही, त्यांनी 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर लावावा. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

अम्मी दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन बार्शीला गेली. गोळी पुन्हा सुरू झाली, पहिल्या दिवसापासून. चौथ्या आठवड्यात पोर रात्रीची झोपायला लागली. पाचव्यात माझ्याकडे आली आणि शाळेच्या लायब्ररीतून दोन पुस्तकं घेऊन गेली. रिश्त्याचं अजून ठरलेलं नाही. मुलाकडच्यांना गोळीचं सांगायचं की नाही, यावर घरात रोज वाद आहे. अब्बा म्हणतात नको. पोर म्हणते, सांगितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. मी पोरीच्या बाजूने आहे, आणि त्यामुळे अब्बा सध्या माझ्याशी फारसं बोलत नाहीत.