चाकांवरचे घर आणि जनरेटरची घरघर

वृद्ध आईवडील, लहान मुले आणि स्वतःचे स्वयंपाकघर सोबत घेऊन लांबचा प्रवास करता यावा, या इच्छेने मोटारहोम बांधून घेणारी कुटुंबे आता आपल्याही परिचयात दिसू लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरणही स्वीकारले. गाडीतील पलंग, ओटा, पडदे यांवर सढळ हाताने खर्च होतो. आवाजाचा विचार मात्र पहिल्या मुक्कामाच्या रात्री सुरू होतो. मग कोणी सुचवतो, ‘आतून फोम लावून घ्या.’ फोम लागतो, पैसे जातात, घरघर तशीच राहते.

आवाज दोन वाटांनी येतो, एक हवेची आणि दुसरी लोखंडाची. इंजिनाचा वा जनरेटरचा कंप बोल्टांतून चौकटीत, चौकटीतून तळात आणि पत्र्यात उतरतो व सबंध गाडीच डफासारखी वाजू लागते. सच्छिद्र फोम केवळ घुमणारा आवाज शोषून घेतो. बाहेरचा आवाज अडवायला जड थर लागतो आणि कंप तोडायला रबर. म्हणून खर्चाचा आरंभ रबरापासून करावा.

लहान पेट्रोल जनरेटर बहुधा मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. त्याखालचे रबरी माउंट त्याच्या वजनाला अनुरूप हवे. रबरावर ठेवलेल्या प्रत्येक यंत्राची डोलण्याची स्वतःची एक लय असते. यंत्राचा कंप त्या लयीच्या जवळ आला, तर रबर तो अडवण्याऐवजी वाढवते. जुन्या टायरचा तुकडा खाली सारणे हा उपाय म्हणूनच क्वचित फळतो. माउंट उत्तम असूनही धूरनळी चौकटीला टेकलेली राहिली, तर सारा खटाटोप व्यर्थ जातो. धूरनळीला लवचीक जोड आणि रबरी टांगणी हवी. गाडी उभी असताना इंजिन संथ चालू ठेवले की आसने थरथरत असतील, तर इंजिनाचे माउंट आधी तपासावेत; ते झिजलेले असल्यास दुसरे काही विकत घेण्याची घाई नको.

पत्र्याची परीक्षा सोपी आहे. बोटाने टिचकी मारावी. ‘ठण्ण’ असा नाद आला, तर मधल्या भागावर ब्युटाइलची चिकटपट्टी बसवावी. ‘ठप्प’ वाजू लागला की पुरे. त्यानंतर भेगा बुजवाव्यात. भिंत कितीही जड असो, तिचा शंभरावा भाग उघडा राहिला, तर सुमारे २० डेसिबलपेक्षा अधिक आवाज ती अडवू शकत नाही. वायरी आणि नळ्या आत येण्याची छिद्रे याच कारणाने महत्त्वाची, आणि त्याहूनही मोठ्या कारणाने.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन पुरुष मृत आढळले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड तळातील छिद्रातून आत शिरला होता, असे तपासात निष्पन्न झाले. या वायूला रंग नाही, गंध नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही. आवाज नको म्हणून जनरेटरचा कप्पा चहूबाजूंनी कोंडणे यासाठीच घातक आहे. कोंडलेले यंत्र तापते आणि धूर मिळेल त्या फटीने वाट काढतो. कप्पा गाडीच्या आतील बाजूने पूर्ण बंद आणि बाहेरील बाजूने हवेशीर असावा. धूरनळीचे तोंड गाडीच्या कडेबाहेर, खिडकीदारांपासून दूर निघावे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र शय्येजवळ हवेच; गाडी बांधणारा ते ‘ऐच्छिक’ म्हणत असेल, तर त्याचे ऐकू नये.

तरीही झोपेच्या वेळी जनरेटर चालू ठेवू नये. कायद्यानेही निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल इतकीच ठेवली आहे, आणि शेजारी मुक्कामाला उतरलेल्यांनाही झोप हवी असते. ३० वॅटचा पंखा आठ तास चालला, तर पाव युनिटही वीज लागत नाही. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिटहून थोडी अधिक वीज मावते. म्हणजे तीन-चार पंखे व एखादा दिवा रात्रभर निःशब्द चालतील. वातानुकूलनाला मात्र ती पुरणार नाही; त्यासाठी मोठी बॅटरी घ्यावी, नाहीतर जेथे विजेची जोडणी मिळते तेथेच मुक्काम ठरवावा.