काळं की चकचकीत?

ह्यूस्टनमध्ये दोन गोष्टी भरपूर मिळतात: दमट हवा आणि फुकटचे सल्ले. टार्गेट शूटिंगसाठी रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, एवढं क्लबमध्ये नुसतं बोलून बघा. नळी किती लांब, मूठ लाकडी की रबरी, सगळ्यांकडे उत्तरं तयार. पण खरी जुंपते ती एकाच मुद्द्यावर. ब्लूड घ्यायचं की स्टेनलेस?

आधी जरा सीन क्लिअर करते. पुण्या-मुंबईत शूटिंगची सुरुवात बहुधा एअर पिस्तूल किंवा एअर रायफलने होते. इथे टेक्सासमध्ये वीकेंडला लोक सरळ रिव्हॉल्व्हर घेऊन कागदी टार्गेटसमोर उभे राहतात. एच-वन-बी व्हिसावर असताना मात्र, मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे माझा नंबर लागला तो ग्रीन कार्ड हातात पडल्यावर.

ब्लूड म्हणजे निळसर काळं, जुन्या सिनेमातल्या इन्स्पेक्टरच्या हातात असायचं तसं. स्टेनलेस म्हणजे किचनमधल्या डब्यांसारखं चंदेरी. १९६५ मध्ये स्मिथ अँड वेसनने मॉडेल ६० आणलं आणि स्टेनलेस रिव्हॉल्व्हरचा जमाना सुरू झाला. त्याआधीचे टार्गेट शूटर के-३८ सारख्या ब्लूड रिव्हॉल्व्हरवरच नेम धरत होते, आणि त्यांचं काही अडलं नव्हतं.

तेव्हा पहिला फंडा: रंगाने नेम सुधारत नाही. याच कंपनीची ५८६ आणि ६८६ ही मॉडेल्स घ्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली ही जुळी भावंडं. फ्रेम तीच, आतली यंत्रणा तीच, .३५७ मॅग्नम तेच, आणि दोघांतही कमी धक्क्याच्या .३८ स्पेशल गोळ्या चालतात. ५८६ ब्लूड, ६८६ स्टेनलेस, एवढाच काय तो फरक. सहा इंची नळीचं कुठलंही उचला, वजन सव्वा किलोच्या आसपास. गोळी दहाच्या रिंगमध्ये जाते ती चाप कसा ओढला आणि माशी किती स्वच्छ दिसली यावर.

माशीचं नाव काढलं की ब्लूडवाले कॉलर ताठ करतात. उन्हात चकचकीत नळी डोळ्यांवर चमकते, काळी नाही. मुद्दा खरा, पण अर्धाच. टार्गेटसाठीच्या स्टेनलेस मॉडेल्सवर माशी आणि मागची साइट बहुतेक वेळा काळीच असते, आणि नळीच्या माथ्यावर बारीक रेघा पाडून चमक मारलेली असते. घासून घासून काळी माशी चमकायला लागलीच, तर तिला धुराची काजळी धरायची युक्ती फार जुनी आहे. शिवाय इनडोअर रेंजवर ऊन येणार कुठून?

मग फरक पडतो कुठे? हवेत आणि हातात. ब्लूइंग हा रंग नव्हे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात, साधारण १४० अंश सेल्सिअसला पोलाद बुडवतात आणि त्याच्या पृष्ठभागाचाच काळा ऑक्साइड होतो. म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ, फक्त शिस्तीत वाढलेला. हा थर पातळ आणि सच्छिद्र असतो. त्याचं मोठं काम तेल धरून ठेवणं. तेल संपलं की ओलावा आत शिरतो. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याचा न दिसणारा थर ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा भरून येतो. पण म्हणून गंज अशक्य असं नाही. घामातलं मीठ बरेच दिवस बसून राहिलं तर स्टेनलेसवरही ठिपके पडतात.

आजीची विळी आठवा. भाजी चिरून झाली की पातं लगेच पुसायचं, पावसाळ्यात वर तेलाचं बोट फिरवायचं. स्टीलची सुरी मात्र आपण सिंकमध्ये टाकून ऑफिसला पळतो. ब्लूड म्हणजे ती विळी, स्टेनलेस म्हणजे ही सुरी.

घरच्या घरी एक टेस्ट करा. जस्त न चढवलेला साधा खिळा सँडपेपरने चकचकीत घासा, घामट मुठीत धरा आणि न पुसता दोन दिवस ठेवून द्या. काही जणांच्या घामाने दुसऱ्या दिवशीच तपकिरी ठसे उमटतात. तुम्ही त्यातले असाल तर ब्लूडच्या प्रेमात पडण्याआधी विचार करा. आणि दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी लेदरच्या कव्हरमध्ये महिनोन् महिने ठेवू नका. चामडं ओल धरतं.

मी ६८६ घेतलं. रविवारी रात्री आमचं आवरेपर्यंत भारतात सोमवार उजाडलेला असतो आणि ऑफशोअर टीमचे कॉल सुरू होतात. त्या धावपळीत दर वेळी तेल-फडकं घेऊन बसणं मला जमणारं नव्हतं. माझा एक मित्र पक्का ब्लूडवाला. त्याच्यासाठी पुसणं हाच निम्मा छंद. त्याचं रिव्हॉल्व्हर बघत राहावं असं दिसतं, यात वादच नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. गंजाच्या भीतीने का होईना, ब्लूडवाल्याला घरी आल्या आल्या रिव्हॉल्व्हर बॅगेतून काढावंच लागतं. ते उघडलं जातं, पुसलं जातं आणि तिजोरीत जातं. स्टेनलेसवाल्याला तशी घाई नसते. ‘उद्या बघू’ म्हणत बॅग कपाटापाशीच राहू शकते. आणि आमच्या घरात चार वर्षांची लेक आहे, जिला दिसेल त्या बॅगेची चेन उघडायची असते.

म्हणून खरेदीआधी नवऱ्याने एकच अट घातली. ‘अगं, स्टील तुला हवं ते घे. पण पायातले बूट निघायच्या आत ते तिजोरीत गेलं पाहिजे.’ तेव्हापासून आमच्याकडे हाच नियम. रेंजवर रिकामं केलेलं रिव्हॉल्व्हर घरी पुन्हा उघडून बघायचं, मग तिजोरी, गोळ्या वेगळ्या कुलपात, मग बूट, मग चहा. पुसणं लेक झोपल्यावर, सावकाश.

तेव्हा बॉस, कॅटलॉग उघडण्याआधी स्वतःचा वीकेंड उघडून बघा. हात कोरडे असतील आणि पुसायची सवय खरंच असेल, तर बिनधास्त ब्लूड घ्या. नसेल तर स्टेनलेस. ह्यूस्टनची दमट हवा ते बऱ्यापैकी सांभाळून घेतं. तिजोरीचं कुलूप मात्र कुठलंच स्टील आपलं आपण लावत नाही. बघा, पटतंय का!