सांगाडा खरा, की नुसते नाव?
ड्रॅग शर्यतीच्या जुन्या मोटारीचा खरेपणा ठरविणे अवघड. इंजिनाचे भाग सतत बदलत राहतात, उरतो तो सांगाडा आणि मालकीचा माग. डॉन गार्लिट्स यांची 'स्वॅम्प रॅट ३०' मात्र या संशयापलीकडची. १९७० च्या स्फोटात उजव्या पावलाचा काही भाग गमावल्यावर गार्लिट्स यांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे नेले. ही मोटार त्याच वळणाची. मार्च १९८६ मध्ये फ्लोरिडातील गेन्सव्हिलला पाव मैलाच्या धावेत तिने ताशी २७२.५६ मैलांचा (सुमारे ४३९ किलोमीटर) वेग गाठला. १९८७ मध्ये ती थेट स्मिथसोनियन संस्थेकडे गेली. दलालाला मध्ये जागाच उरली नाही! इतर अनेक मोटारी हंगाम संपताच विकल्या गेल्या, काही कापल्याही गेल्या. त्यांच्या नावावर आज मोठी रक्कम मोजणाऱ्याने सांगाड्यावरचे जुने जोड आधी तपासलेले बरे.