खिडकीच्या चौकटीभोवतीची फट



मळणी आटोपली, गहू-ज्वारी उन्हे खाऊन घरात आली. आता मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी एक लहानसे काम उरकून घ्या. धान्याच्या खोलीतील खिडकीपाशी उभे राहा आणि लाकडी चौकट जिथे भिंतीला मिळते, त्या सांध्यावरून बोट फिरवा. बहुतेक घरांत तिथे फट सापडेल. कुठे नखाएवढी, कुठे करंगळी जाईल एवढी.

ही फट क्षुल्लक समजू नका. पावसाची झड लागली की पाणी तिथूनच आत झिरपते, भिंत ओली होते आणि भिंतीला टेकलेले पोते खालून बुरसते. पाव इंचाच्या फटीतून लहान उंदीर आत येतो. सोंडकिडे आणि तांबडे भुंगेरे तिथेच दडतात. खापरा भुंगेऱ्याची अळी तर अशा भेगेत खाण्यावाचून वर्षानुवर्षे तग धरते. कोठी झाडली, पोती नवी आणली, तरी फट तशीच राहिली तर गेल्या सालची कीड नव्या धान्यात येते.

फट पडते कशी, ते आधी पाहू. लाकूड उन्हाळ्यात सुकून आकसते आणि पावसाळ्यात दमट हवेने फुगते. लांबीत ते फारसे बदलत नाही, रुंदीत बदलते. गिलावा मात्र जागच्या जागी राहतो. म्हणून नुसते सिमेंट थापले की पुढच्या उन्हाळ्यात तिथेच पुन्हा भेग पडते. यावर उपाय म्हणजे फट भरायची आणि वर लाकडी पट्टी मारायची.

पहिले काम साफसफाईचे. सुटलेला गिलावा पटाशीने खरवडून काढा. भेगेतील धूळ जुन्या ब्रशने झाडा. ही धूळ अंगणात टाकू नका, तीत किडीची अंडी व अळ्या असतात. घरापासून दूर नेऊन जाळा.

दुसरे काम भरण्याचे. फट अर्ध्या इंचाहून मोठी असेल तर जागा ओली करून विटेच्या कपच्या ठोकून बसवा आणि एक भाग सिमेंट, चार भाग वाळू असा माल दाबून भरा. उंदराचा उपद्रव असेल तर मालात काचेचे तुकडे घाला, मात्र ते बाहेर डोकावू देऊ नका. सात दिवस पाणी मारा. भिंत मातीची असेल तर सिमेंट वापरू नका, ते मातीला धरत नाही आणि खपली होऊन निघते. तिथे चाळलेली माती, शेण आणि बारीक भुसा यांचा कुजवलेला गारा उत्तम.

बारीक भेगेला लांबी भरावी. खडूची भुकटी जवसाच्या तेलात पोळीच्या कणकेसारखी मळली की लांबी तयार होते. कोरड्या लाकडावर ती थेट भरू नका. लाकूड तेल शोषून घेते आणि लांबी भुगा होऊन गळते. आधी अस्तराचा हात द्या, तो वाळला की लांबी भरा. रंग देण्यापूर्वी तिच्यावर साय धरू द्या, त्याला आठवडा तरी लागतो.

इथे एक धोका ध्यानात ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेतात. कडब्याच्या गंजीजवळ तर त्या मुळीच टाकू नयेत. एकेक चिंधी मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तिसरे काम पट्टीचे. दोन इंच रुंद, अर्धा इंच जाड, वाळलेल्या सागाची किंवा कडुनिंबाची पट्टी घ्या. ती अर्धी चौकटीवर आणि अर्धी गिलाव्यावर येऊ द्या, पण खिळे फक्त चौकटीत मारा. चौकट आकसली-फुगली तरी पट्टी तिच्याबरोबर सरकते आणि गिलावा फुटत नाही. कोपऱ्यात तिरका जोड देखणा दिसतो, परंतु उन्हाळ्यात तो आतल्या अंगाने उघडतो. त्यापेक्षा उभ्या दोन पट्ट्यांवर आडवी पट्टी ठेवून सरळ जोड करावा.

बाहेरच्या बाजूला खिडकीच्या तळाला उतार अंगणाकडेच हवा. काम झाल्यावर एकाने बाहेरून दोन-तीन तांबे पाणी ओतावे, दुसऱ्याने आतून पाहावे. आत थेंब दिसला तर काम अपुरे आहे.

फट बुजवा, खिडकी बुजवू नका. खिडकीला पाव इंचाहून बारीक भोकांची लोखंडी जाळी लावा. प्लास्टिकची जाळी उंदीर कुरतडतो. कोरड्या दिवशी खिडकी उघडा, पावसाळी हवेत बंद ठेवा. पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचा. दाणा दातांखाली कट्कन फुटेल इतका वाळलेला असावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, राहत्या घरात कधीही वापरू नका. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो अशाच फटींतून, दाराखालून आणि छपराच्या पोकळीतून शेजारच्या झोपायच्या खोलीत शिरतो. या वायूने घरातील माणसे, विशेषतः लहान मुले, दगावली आहेत आणि त्यावर उतारा नाही. फट बुजवली म्हणजे गोळी वापरायला हरकत नाही, असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. कायद्यानेही त्या शासनमान्य तज्ज्ञांनीच हाताळायच्या आहेत. कोणी दुकानदार हातावर ठेवू लागला तर नको म्हणा.

सुताराचा एक दिवस, थोडी खडूची भुकटी आणि चार पट्ट्या, एवढ्यात हे काम होते. वर्षभराचे दाणे आणि पुढच्या पेरणीचे बियाणे ज्या खोलीत आहे, तिच्यासाठी एवढा एक दिवस काढाच. पावसाची वाट पाहू नका, ओल्या लाकडावर लांबी धरत नाही.