मुक्तस्रोताचा प्रपंच

सदाशिव पेठेंतील एका वाचक भगिनींनीं आम्हांस पुढील प्रश्न विचारला आहे : "आमचे धाकटे भावजी दिवसभर हिंजवडीस एका कंपनींत काम करतात आणि रात्रीं जेवणें झाल्यावर पुन्हां संगणकापुढें बसून एक आज्ञावली लिहितात. ती जगांत कोणीहि फुकट घ्यावी, तिच्यांत हवे ते फेरफार करावे, अशी त्यांची इच्छा आहे. मामंजी ह्यास घरचें खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणें म्हणतात. सासूबाईंस त्यांच्या डोळ्यांची काळजी. आम्हीं काय समजावें?" पत्र एका घरचें असलें तरी हल्लींच्या पुण्यांत असें दुसरें घर शोधावयास फार पायपीट करावी लागणार नाहीं. म्हणून ह्या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

संगणकानें काय करावें हें सांगणाऱ्या सूचनांच्या समुदायास आज्ञावली, किंवा व्यवहारांतल्या शब्दानें सॉफ्टवेअर, म्हणतात. ती प्रथम मनुष्यास वाचतां येईल अशा रूपांत लिहिली जाते. ही तिची मूळ संहिता. मग तिचें यंत्रास कळेल असें रूपांतर होतें. पुष्कळ कंपन्या हें रूपांतर तेवढें विकतात व संहिता कुलुपांत ठेवतात. पुरणपोळी पानावर येते, पण कृति कोणी सांगत नाहीं. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन ह्या अमेरिकन गृहस्थांनीं ह्या रीतीविरुद्ध आपला संकल्प जाहीर केला. आज्ञावली वापरण्याची, अभ्यासण्याची, दुरुस्त करण्याची व वांटण्याची सर्वांस मोकळीक असावी. आणि त्यांनीं पुढें केलेल्या परवान्याप्रमाणें, दुरुस्त प्रत जो दुसऱ्यास देईल त्यानें हीच मोकळीक त्यासहि द्यावी. १९९१ च्या ऑगस्टांत हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण हौसेखातर एक लहानशी कार्यप्रणाली लिहीत आहों असें जाहीर केलें. तीच लिनक्स. अँड्रॉइड जातीच्या प्रत्येक मोबाइलच्या पोटांत तिचा गाभा आहे. मामंजी नातवंडांचीं छायाचित्रें अशा मोबाइलवर पाहत असतील, तर लष्कराच्या ह्या भाकरी तेहि रोज खात आहेत!

तेव्हां फुकटेपणाचा आक्षेप आम्हांस मोठा वाटत नाहीं. आमची शंका निराळी आहे. आज्ञावली लिहिली आणि संपली असें कधीं होत नाहीं. ती ज्या दुसऱ्या आज्ञावल्यांवर उभी असते त्या बदलतात, यंत्रें बदलतात, चोर नव्या युक्त्या काढतात. गेल्या वर्षीं सुरळीत चालणारी वस्तु यंदा एकाएकीं बंद पडते. घर बांधणें एकदांचें, पण पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळणें दरसालचें. आरंभशूरांची आपल्याकडे वाण कधींच नव्हती. आरंभिलेलें काम वीस-तीस वर्षें कसें चालतें, हा विचार मात्र फार थोडे करतात.

त्याचा धडा घ्यावयाचा तर हिंजवडीस जाण्याचें कारण नाहीं. विधि महाविद्यालयाच्या रस्त्यावर तो मिळतो. तेथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं त्यास लाख रुपयांचा आश्रय दिला. काश्मीरच्या शारदा लिपीपासून मलबारच्या मल्याळम लिपीपर्यंत निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमविल्या गेल्या. तुलनापत्रावर वर प्रचलित श्लोक लिहावयाचा, प्रत्येक अक्षरास वेगळें घर, आणि खालीं एकेका पोथींतील पाठभेद त्या त्या अक्षराच्या घरांत नोंदवावयाचा, असा क्रम होता. हें काम पुण्यांतच नव्हे तर शांतिनिकेतन व तंजावर येथेंहि चाले. वाचकहो, शेंकडों मैलांच्या अंतरावरील शास्त्री एकमेकांस न भेटतां एकाच संहितेवर काम करीत होते, तें ह्या घरांच्या शिस्तीच्या जोरावर!

१९२३ सालीं ना. बा. उटगीकर ह्यांनीं विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ति छापून देशोदेशींच्या पंडितांकडे अभिप्रायासाठीं पाठविली. सर्व निर्दोष होईपर्यंत दार लावून बसले नाहींत. १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर हे प्रधान संपादक झाले. त्यांनीं कामाची घडी पुन्हां बसविली व १९२७ पासून आदिपर्वाचे भाग प्रसिद्ध होऊं लागले. न स्वीकारलेले पाठ त्यांनीं टाकून दिले नाहींत, पानाच्या तळाशीं छापले. ज्यास संपादकाचा निर्णय पटत नसेल त्यानें तळचा पुरावा पाहून आपला निर्णय करावा. आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत कोणता पाठ कां घ्यावा ह्याचे नियम सविस्तर सांगून ठेवले. १९४३ च्या जानेवारींत सुखटणकर वारले तेव्हां बहुतेक पर्वें व्हावयाचीं होतीं. तरी काम थांबलें नाहीं. प्रथम डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर, नंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य, असे सूत्रधार बदलत गेले आणि १९६६ सालीं राष्ट्रपति राधाकृष्णन् ह्यांच्या हस्तें संहितेच्या पूर्तीची घोषणा झाली. सत्तेचाळीस वर्षें! नियम सुखटणकरांच्या डोक्यांतच राहिले असते तर त्यांच्यामागून येणाऱ्यास पुन्हां ओनाम्यापासून आरंभ करावा लागला असता. पुढें जपानांतील प्राध्यापक तोकुनागा ह्यांनीं ही संहिता संगणकावर उतरविली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ ह्यांनीं ती शुद्ध केली, आणि आज ती कोणासहि विनामूल्य मिळते.

ह्या तुलनेंत एक उणें आहे, तें लपविणें बरें नव्हे. भांडारकर मंदिरास औंधकर होते. रात्रीं एकटा बसणाऱ्या तरुणास कोण आहे? बँकेचे व संगणकावरचे इतर व्यवहार गुप्त राखणारी ओपनएसएसएल नांवाची मुक्त आज्ञावली जगभर वापरांत होती. २०१४ सालीं तिच्यांत मोठें छिद्र सांपडलें तेव्हां लोकांस कळलें कीं, तिला वर्षाकाठीं देणग्या मिळत त्या सुमारें २,००० डॉलर! पेठेंतील हौदाचें पाणी फुकट घेऊन चहा विकावा, आणि हौद उपसण्याचा विषय निघतांच तोंड फिरवावें, अशी ही मोठमोठ्या कंपन्यांची रीत होती. त्या प्रसंगानंतर त्यांपैकीं कित्येकांनीं हात सैल केला हें खरें. पण घर जळाल्यावर विहीर खणण्यांतलाच हा प्रकार.

त्याहूनहि मनास चटका लावणारी हकीकत २०२४ सालची आहे. एक्सझेड ही मजकूर दाबून लहान करणारी आज्ञावली एक फिनिश गृहस्थ वर्षानुवर्षें बहुतांशीं एकटेच, विनावेतन सांभाळीत. प्रकृति ठीक नसल्याचें त्यांनीं उघड सांगितलें होतें. तरी काम मंद चालतें म्हणून लोक टोंचून लिहीत. अशा वेळीं एक अनोळखी मदतनीस पुढें आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्यानें चांगलें काम केलें, विश्वास संपादिला, किल्ल्या हातीं घेतल्या, आणि मग आज्ञावलींत गुप्त दार बसविलें. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास आपल्या यंत्रावर प्रवेश मिळावयास अर्धा सेकंद अधिक लागतो एवढें खटकलें, आणि त्या शोधांतून मार्चअखेर तें कपट उघडकीस आलें. अर्ध्या सेकंदावर जगाचें नशीब टांगलेलें होतें म्हणावयास हरकत नाहीं. संहिता उघडी होती म्हणून त्यास मुळापर्यंत जातां आलें, हेंहि विसरूं नये. परंतु थकलेल्या मनुष्यास त्याच्या आसपासच्यांनीं वेळीं विश्रांति दिली असती, तर चोरास त्या दारांतून शिरणें इतकें सोपें झालें नसतें असें आम्हांस वाटतें.

म्हणून भावजींनीं आरंभीं कांहीं गोष्टी पाहाव्या. नोकरीच्या करारपत्रांत, रात्रीं घरीं लिहिलेलेंहि कंपनीचें असें कलम असतें काय, हें सर्वांआधीं पाहावें. असल्यास लेखी अनुमति घ्यावी. परवाना पहिल्या दिवशींच जोडावा. "घ्या बुवा" असें तोंडानें म्हणणें म्हणजे परवाना नव्हे, आणि परवान्यावांचून कायद्यानें हक्क लेखकाकडेच राहतात. वस्तु लहान पण चालती असावी. कशी वापरावी व असें कां केलें हें साध्या भाषेंत लिहून ठेवावें. दुसऱ्यानें सुचविलेली दुरुस्ती पाहून आभार मानावे, आणि नको असेल तर कारण देऊन "नको" म्हणावें. भिडेखातर स्वीकारलेली प्रत्येक सूचना पुढें आपल्यासच पोसावी लागते. वारस तर लौकर पाहावा. टोरवाल्ड्स ह्यांनीं २००५ च्या एप्रिलांत गिट नांवाची दुसरी आज्ञावली लिहिली आणि जुलैंतच जुनियो हमानो ह्यांच्या स्वाधीन केली. हमानो ती अत्यंत निष्ठेनें सांभाळीत आले. स्वतःचें मूल दत्तक देण्याइतकें हें कठीण, पण त्यांतच मुलाचें हित होतें. आणि निजण्याची वेळ ठरवावी. सासूबाईंच्या ह्या म्हणण्यास आमचा पूर्ण पाठिंबा आहे.

घरच्यांनीं काय करावें? सर्वांसच संहिता लिहितां येते असें नाहीं, पण मराठी वाचतां येते. रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं खुले केलेले 'लोहित' टंक मूळचे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. पण टंक कितीहि चांगला असो, 'आचार्यांस' आणि 'आचाऱ्यांस' ह्यांतला भेद मराठी माणसानेंच संगणकास शिकवावा लागतो. अमेरिकेंतील अभियंत्यास दोन्ही र सारखेच. जेवणावळीच्या यादींत आचाऱ्यांचा शिधा आचार्यांच्या नांवें पडला तर दोघेहि रुसावयाचे! अशी चूक पडद्यावर दिसली कीं नुसतें हंसून सोडूं नये. कोणत्या शब्दांत, कोणत्या टंकांत, काय हवें होतें व काय उमटलें, एवढ्या चार ओळी लिहून ती आज्ञावली सांभाळणारांस कळवाव्या. मूळ संहिता उघडी असल्यामुळें ती चूक तेथें दुरुस्त करतां येते, आणि नागपुरापासून बेळगांवापर्यंत ज्यांच्या घरीं ती दुरुस्त आज्ञावली जाईल, तेथील आचाऱ्यांचा शिधा आचाऱ्यांसच मिळेल.