नाकासमोरची विद्या

संपादकांचा निरोप दरवर्षीप्रमाणे वेळेआधीच आला : "दिवाळी अंक आहे, सदर जरा सुगंधी असू द्या." निरोप वाचून आमच्या सौ.ला हसू आवरेना. गेल्या वर्षी याच दिवसांत उटणे, अत्तर आणि तळणीतल्या चकल्या या तिघांना मिळून आमच्या घरातला जो एक वास हरवता आला नव्हता, त्याचीच गोष्ट मी यंदा सांगणार, हे तिने ओळखले होते. वाचकहो, नाक मुरडू नका. फराळाचे ताट जरा बाजूला ठेवून वाचा, म्हणजे झाले.

आम्ही पुण्याच्या एका उपनगरात राहतो. सोसायटी मोठी, पाच इमारती, दोनशे बिऱ्हाडे. बांधकाम वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असले, की २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरणाची मंजुरी घ्यावी लागते. आमच्या सोसायटीला मंजुरी मिळाली ती सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र बांधण्याच्या अटीवर. ते 'ब' इमारतीच्या मागे जमिनीखाली आहे. फ्लॅट घेताना आम्हाला बाग दाखवली, व्यायामशाळा दाखवली. हे केंद्र मात्र कोणी दाखवले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

मी सोसायटीचा मानद खजिनदार. उन्हाळ्यात विजेची बिले तपासताना माझ्या असे ध्यानात आले, की या केंद्रातला हवेचा पंप रात्रंदिवस चालतो. टाकीतल्या घाण पाण्यात हवा फुंकणे एवढेच त्याचे काम. मी सभेत म्हटले, "रात्री सगळी सोसायटी झोपते, मग हा एकटा कशाला जागा?" टाळ्या पडल्या. रात्री दहा ते सकाळी सहा पंप बंद ठेवायचा ठराव झाला. बिल उतरले, आणि वार्षिक सभेत मला शाल व श्रीफळ मिळाले.

गणपती आले आणि गेले, आणि वास सुरू झाला. आधी 'ब' इमारतीला, मग सगळ्यांना. कमिटीने केंद्रात फिनेलचे दोन कॅन ओतले. वास दुप्पट झाला. बिल्डरवर दावा लावावा, असे एक मत पडले. शांत करावी, असेही एक पडले.

याच सुमारास ताईचा फोन आला. ती सांगलीला असते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पर्यावरणशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेला. दोन वर्षे स्पर्धा परीक्षा दिल्या, पण यश आले नाही. ताई रडतच होती.

"अरे, तो आता गटाराचं शिक्षण घेतोय!"

"म्हणजे काय?"

"सांडपाण्याच्या केंद्राचा चालक व्हायचा तीन महिन्यांचा कोर्स केलाय त्यानं. पदवी घेतलेल्या मुलानं हे करायचं? उद्या स्थळं येतील, काय सांगू मी त्यांना? दसरा झाला की तुझ्याकडे पाठवते. तूच त्याची समजूत घाल. तुझं तो ऐकतो."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाचा आला. मी समजुतीची वाक्ये जुळवून बसलो होतो. त्याने चहाचा पेला खाली ठेवला, दोनदा श्वास घेतला आणि विचारले, "मामा, तुमच्याकडे हवेचा पंप रात्री बंद ठेवतात का?"

मी चाट पडलो. शालीची हकीकत मात्र सांगितली नाही.

"मामी, एक उंच काचेची बरणी देतेस का? मोठ्या तोंडाची."

सौ.ने लोणच्याची रिकामी बरणी दिली. तो खाली गेला आणि हवेच्या टाकीतले पाणी दोरीला बांधलेल्या डब्याने काढून, बरणी भरून वर घेऊन आला. "घरात नको!" असे सौ. ओरडेपर्यंत ती गॅलरीच्या कठड्यावर ठेवलीसुद्धा.

"आता अर्धा तास हलवायची नाही. टाकी निरोगी असली, तर तपकिरी गाळ हळूहळू खाली बसतो आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. त्या गाळाला मातीचा वास येतो, पहिल्या पावसाचा."

अर्धा तास झाला. बरणीतले पाणी वरपासून खालपर्यंत काळेच राहिले, आणि वास सडक्या अंड्याचा.

"या गाळात जिवाणू असतात, मामा. पाण्यातली घाण हे त्यांचं अन्न. पण जेवताना त्यांना हवा लागते. तुम्ही रोज आठ तास त्यांचा गळा दाबलात, आणि वर फिनेल पाजलंत. ते मेले आणि हवेशिवाय जगणारे दुसरे बसले. हा वास त्यांचा."

"मग आता?" सौ.ने विचारले.

"आता चांगल्या केंद्रातला गाळ टँकरने आणून इथं घालायचा."

"म्हणजे विरजण!" सौ. म्हणाली. "आमचं बिघडलं, की आम्ही शेजारून आणतो तसं."

"अगदी तेच, मामी."

मी नंतर पुस्तके चाळली तेव्हा कळले, की सौ.ने एका वाक्यात सांगितलेले शोधायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे लागली होती. सांडपाण्यात हवा फुंकण्याचे प्रयोग पूर्वीपासून चालू होते. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी दाखवून दिले, की तळाशी बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यात घातला, तर आठवड्यांचे काम तासांवर येते. त्यांचे मार्गदर्शक फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. नागपूरला १९५८ साली याच विषयाची राष्ट्रीय प्रयोगशाळा निघाली. तीच आजची 'नीरी'. म्हणजे ही विद्या आपल्या दारात येऊन शंभर वर्षे झाली. दार उघडले नाही ते आम्ही.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली. गाळाच्या टाकीतला पंप तुंबला होता. कंत्राटदाराने दोन मुले पाठवली. त्यांतला एक भाच्याच्याच वयाचा, फार तर बावीस-तेवीसचा. कमरेला दोरी बांधून तो झाकणापाशी उभा होता. अंगात बनियन, पायांत काही नाही. मी सहाशे रुपयांच्या व्हाउचरवर सही करीत होतो.

भाचा धावत आला आणि सरळ झाकणावर उभा राहिला.

"कोणी आत उतरायचं नाही."

"अहो, नेहमीचं काम आहे. दहा मिनिटं लागतात," कंत्राटदाराचा माणूस म्हणाला.

"दोन श्वास पुरतात," भाचा म्हणाला.

हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचून राहतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला तर नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. आत उतरलेल्याला वाटते, हवा चांगली आहे. आणि तेवढ्यात तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही राहतो. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. संरक्षक साधनांवाचून गटारात किंवा मैल्याच्या टाकीत माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या दिवशी ती बातमी आमच्या आवारातून जायची होती, आणि तिच्याखाली सही माझी असती.

भाच्याने लांब दांड्याला आकडा बांधला, पंपाच्या साखळीत अडकवला आणि चौघांनी मिळून पंप वर ओढून काढला. त्यात गुंतलेले काय निघाले म्हणता? ओले रुमाल, बाळांचे लंगोट, एक कंगवा आणि फडक्यांची दोरी. दोनशे सुशिक्षित बिऱ्हाडांचा ऐवज! पुढच्या काही दिवसांत काळा गाळ टँकरने उपसला, विरजण आले, पंप रात्रंदिवस चालू झाला. धनत्रयोदशीच्या पहाटे सौ.ने खिडकी उघडली आणि मला उठवले. भाजणीचा वास येत होता. नुसता भाजणीचा.

त्या दिवसांत एक प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले, की पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांतून सक्तीने शिकवा. तो शिकवला जातो. माझ्या कन्येने शाळेत सांडपाणी केंद्राची थर्माकोलची प्रतिकृती केली होती. निळी चमकी लावून. वीसपैकी वीस गुण मिळाले. खरे केंद्र तिच्या खिडकीखाली होते, ते तिने पाहिले नव्हते, आणि आम्ही दाखवले नव्हते. भाच्याची पदवीही तशीच. "मामा, तीन वर्षांत मी प्रदूषणाच्या व्याख्या पाठ केल्या, टाकी एकदाही पाहिली नाही," तो म्हणाला. "कोर्सचे पहिले दोन महिनेही फळ्यावरच गेले. तिसऱ्या महिन्यात एका कारखान्याच्या केंद्रावर धाडलं. तिथले चालक काका दहावी नापास. पण सकाळी टाकीवरच्या फेसाचा रंग बघून काल काय बिघडलं ते सांगायचे. जे शिकलो ते त्यांच्याजवळ उभं राहून."

अशी माणसे किती लागतील, याचा अंदाज एका हिशोबावरून येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे, देशातल्या शहरांत रोज सुमारे ७,२३७ कोटी लिटर सांडपाणी तयार होत होते. ते शुद्ध करणारी केंद्रे बांधली होती ३,१८४ कोटी लिटरांची. आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होते २,०२४ कोटी. बांधलेली केंद्रेसुद्धा पूर्ण चालत नाहीत याला कारणे अनेक आहेत. कुठे नळ जोडलेले नाहीत, कुठे वीज नाही. पण जाणता माणूस नसला, म्हणजे कोट्यवधींच्या टाकीचे काय होते, ते आम्ही नाकाने पाहिले आहे.

शिकण्याच्या सोयी अगदीच नाहीत असेही नाही. पर्यावरण मंत्रालयाने २०१७ साली 'हरित कौशल्य विकास कार्यक्रम' काढला, त्यात सांडपाणी केंद्र चालवण्याचे शिक्षण होते. सौर पत्रे बसवणाऱ्यांसाठी २०१५ पासून 'सूर्यमित्र' योजना आली. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एक कोटी घरांच्या छपरांवर सौर वीज नेण्याचा संकल्प सोडला गेला, तेव्हा ते पत्रे बसवणारे आणि दुरुस्त करणारे हातही हवेतच. पण कोर्स निवडताना आईबापांनी एकच विचारावे : प्रत्यक्ष कामावर किती दिवस, आणि शेजारी उभे राहून शिकवणार कोण? नुसत्या प्रशस्तिपत्राने पंप चालू होत नाही.

हे सगळे मी भाच्याला मोठ्या उत्साहाने ऐकवले. त्याने शांतपणे विचारले, "मामा, तुमची सोसायटी केंद्र सांभाळणाऱ्या माणसाला पगार किती देते?"

मी वही उघडली. माळ्यापेक्षा कमी होता. तो माणूसही मुळात पहारेकरी, केंद्र हे त्याचे जादा काम. सर्वांत स्वस्त निविदा आम्ही पास केली होती. पुन्हा सही माझीच. मुले ही विद्या शिकत नाहीत म्हणून आपण सभांतून हळहळतो. शिकून आलेल्याला नोकरी देणारे आपणच असतो, आणि शिकलेल्याचा मोबदला द्यायची वेळ आली की न शिकलेला पाहतो. शालीचा खर्च मी दुसऱ्या महिन्यात सोसायटीला परत केला, आणि केंद्रासाठी शिकलेला चालक ठेवण्याचा ठराव मांडला. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. सात मतांनी पास झाला, एवढेच.

भाऊबीजेला ताई आली. भाच्याने तिला खाली नेऊन बरणी तिच्या हातात दिली. वर निवळ पाणी, तळाशी तपकिरी गाळ. तिने पदर नाकाला लावला, मग हळूच बाजूला केला.

"अगं बाई, हा तर पावसाचा वास!"

आज भाचा पाच सोसायट्यांची केंद्रे सांभाळतो. कमरेला दोरी बांधून उभा असलेला तो मुलगा आता त्याच्याबरोबर काम शिकतो. वही लिहितो, आणि झाकण उघडायच्या आधी वायू मोजतो.

ओवाळून झाल्यावर मी ताईला विचारले होते, "काय घालू ओवाळणी?"

"मला काही नको," ती म्हणाली. "त्याला एक चांगलं काचेचं मापाचं नळकांडं घेऊन दे. वहिनीची बरणी किती दिवस अडकवून ठेवायची?"

"ती बरणी त्यालाच राहू द्या, वन्सं," आतून सौ.चा आवाज आला. "माझ्या स्वयंपाकघरात ती आता यायची नाही."